लाईट गेली, परत आली, मग गिझर काय करणार? स्मार्ट प्लग आणि छोट्या संगणकावर घर चालवण्याची पद्धत

स्मार्ट प्लग म्हणजे सॉकेट आणि उपकरण यांच्या मधे बसणारा, मोबाईलवरून किंवा वेळ लावून चालू-बंद होणारा प्लग; घरातला एक छोटा संगणक अशा सगळ्या प्लगना हुकूम देतो. असे प्लग विकत घ्यायच्या आधी एक वही घ्या आणि घरभर फिरा. जे जे उपकरण मोबाईलवरून किंवा वेळ लावून चालू-बंद करायचं मनात आहे, त्याचं नाव लिहा. शेजारी त्याचे वॅट लिहा. हा आकडा गिझरच्या पोटाखाली किंवा कूलरच्या पाठीला चिकटवलेल्या चंदेरी लेबलवर सापडतो. तिसऱ्या रकान्यात एका प्रश्नाचं उत्तर लिहा: लाईट जाऊन परत आली, तर हे उपकरण चालू व्हायला पाहिजे की बंद राहायला पाहिजे?

हा तिसरा रकाना मी पहिल्या वर्षी भरलाच नव्हता. मे महिन्यात दुपारी वळवानं झोडपलं आणि लाईट गेली. आम्ही सगळे जोतिबाला गेलो होतो. रात्री परत आलो तर बाथरूममधून गरम भपका येत होता. लाईट आल्याबरोबर गिझरचा प्लग आपोआप चालू झाला होता, कारण कारखान्यातून तो तसाच ठरवून आला होता. थर्मोस्टॅट धड होता म्हणून निभावलं. पण त्या रात्री मला कळलं की स्मार्ट प्लगचं काम ‘चालू कसं करायचं’ यापाशी संपत नाही. वीज गेली, वायफाय पडलं, संगणक अडकला, तर काय होईल हे आधी ठरवावं लागतं. कोल्हापुरात वळवाचा मोसम आणि पुढचे पावसाचे महिने ही परीक्षा वारंवार घेतात. म्हणून हा लेख त्याच रकान्याभोवती लिहिला आहे.

आधी भिंतीतला पॉइंट

आपल्याकडं घरात २३० व्होल्टचा, ५० हर्ट्झचा पुरवठा येतो. बोर्डावर दोन प्रकारचे सॉकेट असतात, लहान ६ अँपिअरचा आणि मोठा १६ अँपिअरचा, ज्याला आपण पॉवर पॉइंट म्हणतो. वॅटला २३० नं भागलं की अँपिअर निघतात. २००० वॅटचा गिझर ८.७ अँपिअर ओढतो, ३००० वॅटचा १३ अँपिअर. लहान सॉकेटची मर्यादा ६ गुणिले २३०, म्हणजे १३८० वॅट. त्यामुळं गिझर, हीटर, इंडक्शन शेगडी यांचा लहान सॉकेटशी संबंध येऊच नये. मधे अ‍ॅडॉप्टर घालूनसुद्धा नाही.

पॉवर पॉइंट आहे म्हणून तो चांगला आहे असंही धरू नका. आमच्या गल्लीतले वायरमन मामा पहिल्या दिवशी आले तेव्हा मी त्यांना नवा प्लग कौतुकानं दाखवत होतो. त्यांनी तो बाजूला ठेवला, मेन पाडला, टेस्टर लावून खात्री केली आणि बोर्डाच्या दोन स्क्रू काढल्या. “पोरा, प्लग राहू दे. हे बघ.” सॉकेटच्या मागं फेजच्या वायरचं इन्सुलेशन तपकिरी होऊन चुरा झालं होतं. स्क्रू अर्धा फेरा ढिली होती. ढिल्या जोडाला रोध जास्त, रोध जास्त म्हणजे उष्णता जास्त, आणि उष्णतेनं जोड आणखी ढिला होतो. असा पॉइंट रोज अर्धा तास गिझर ओढत असतो आणि बाहेरून काही दिसत नाही. त्यावर स्मार्ट प्लग लावला असता तर तो वितळला असता, आणि दोष प्लगच्या माथी गेला असता.

मामांकडून अजून दोन गोष्टी बघून घ्या. सॉकेटकडं तोंड करून उभं राहिलं की वर अर्थिंग, उजवीकडं फेज, डावीकडं न्यूट्रल पाहिजे. जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल उलटे सापडतात. साधा पंखा तरीही चालतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण बहुतेक स्मार्ट प्लगमधला रिले, म्हणजे आतला विजेवर चालणारा स्विच, एकच तार तोडतो. जोडणी उलटी असेल तर तो न्यूट्रल तोडेल आणि ‘बंद’ दिसणाऱ्या उपकरणात फेज तशीच जिवंत राहील. दुसरी गोष्ट म्हणजे आरसीसीबी, करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मेन बोर्डात नसेल, तर स्मार्ट प्लगचे पैसे आधी तिच्यावर घाला. यावर माझं मत ठाम आहे.

प्लग घेताना दुकानात काय विचारायचं

रंग, अ‍ॅप, आवाजावर चालणं हे सगळं नंतर. पहिला प्रश्न: इंटरनेट बंद असताना हा प्लग घरातल्या संगणकाचं ऐकतो का? बरेच स्वस्त प्लग तुमचा हुकूम आधी परदेशातल्या सर्व्हरला पाठवतात आणि तो तिथून घरात परत येतो. ब्रॉडबँडची वायर पावसात तुटली की शेजारच्या खोलीतला दिवा लागत नाही. ‘लोकल कंट्रोल’ असलेला प्लग घ्या. टास्मोटा किंवा ईएसपी-होम हे मुक्त सॉफ्टवेअर चालवणारा, मॅटर मानकाचा (वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट उपकरणांची सामाईक भाषा) किंवा झिगबीचा (वायफायखेरीजची एक बिनतारी पद्धत) असला तरी चालेल.

दुसरा प्रश्न, वीज आल्यावरची स्थिती ठरवता येते का? तिसरा, तो वॅट मोजतो का? मोजणारा प्लग थोडा महाग पडतो, पण का घ्यायचा ते मोटारीपाशी कळेल. आयएसआय खूण बघा. १६ अँपिअरचा म्हणून घेतलेल्या प्लगवर सलग चालणारा भार १२-१३ अँपिअरच्या आतच ठेवा. ३००० वॅटचा गिझर त्या सीमेवर येतो. तो मी प्लगवर टाकत नाही, त्याला थेट कॉन्टॅक्टर (मोठा करंट तोडणारा विजेचा स्विच, पुढं मोटारीपाशी येईल) लावतो.

वायफाय की झिगबी? तीन-चार प्लग असतील तर वायफाय पुरे. वीस-पंचवीस उपकरणांचा विचार असेल तर झिगबी, कारण त्यातला प्रत्येक प्लग पुढच्याला निरोप पोचवतो आणि मातीच्या जाड भिंतींचा जुना वाडासुद्धा टप्प्याटप्प्यानं पार होतो. झिगबीसाठी संगणकाला एक यूएसबी डोंगल लागतो. तो थेट खोचू नका. एखाद्या मीटरच्या यूएसबी एक्स्टेंशन वायरवर लांब ठेवा, कारण यूएसबी ३ चा पोर्ट त्याच्या लहरींमध्ये खरखर करतो.

छोटा संगणक

रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणक. त्याचा ४ (२०१९ चा) किंवा ५ (२०२३ चा) दोन्ही चालतात. घरापुरतं २ जीबी मेमरीचा पाय ४ भागतो. तो साधारण ४ वॅट घेतो, म्हणजे वर्षभर अखंड चालून ३५ युनिट. घरात पडून असलेला जुना लॅपटॉप मात्र यापेक्षा बरा ठरू शकतो. वीज जास्त खातो, पण त्याची बॅटरी अजून तासभर टिकत असेल तर यूपीएस वेगळा घ्यावा लागत नाही.

पाय घेतला तर दोन ठिकाणी काटकसर करू नका. मोबाईलचा चार्जर लावू नका. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा आणि पाय ५ ला २७ वॅटचा त्याचाच अ‍ॅडॉप्टर द्या. व्होल्टेज किंचित खाली आलं तरी तो अर्ध्या रात्री अडकतो आणि कारण सापडत नाही. दुसरं, मेमरी कार्डाऐवजी छोटी एसएसडी वापरा. कार्डावर लिहिणं चालू असताना लाईट गेली की कार्ड खराब होतं. माझी दोन कार्डं एका पावसाळ्यात गेली.

सगळे प्लग एका ठिकाणाहून चालवणारं सॉफ्टवेअर म्हणून होम असिस्टंट घ्या. २०१३ साली सुरू झालेला हा मुक्त प्रकल्प आहे आणि फुकट आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ‘रास्पबेरी पाय इमेजर’ उतरवून घ्या. त्यात तुमचं मॉडेल निवडा, मग विशेष कामासाठीच्या सिस्टिमच्या यादीतून होम असिस्टंट निवडा आणि ते एसएसडीवर लिहा. डिस्क पायला जोडा, राउटरपासून लॅन केबल टाका, वीज द्या. पहिल्या वेळी बराच वेळ लागतो. चहा करून या, मधेच वायर काढू नका. मग त्याच नेटवर्कवरच्या ब्राउझरमध्ये ‘होमअसिस्टंट डॉट लोकल’ हा पत्ता इंग्रजी अक्षरांत टाका आणि कोलनपुढं ८१२३ हा पोर्ट. खातं तयार करा, पासवर्ड जरा अवघड ठेवा, ठिकाण कोल्हापूर निवडा. ठिकाण बरोबर असलं की सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा तो स्वतः काढतो आणि अंगणातला दिवा ऋतूप्रमाणं लागतो.

लगेच दोन कामं उरका. राउटरमध्ये जाऊन या संगणकाचा आयपी पत्ता कायमचा राखून ठेवा. आणि सेटिंग्जमध्ये आपोआप बॅकअप चालू करून, त्याची एन्क्रिप्शनची चावी वहीत उतरवून ठेवा. चावीशिवाय तो बॅकअप उघडत नाही.

संगणक आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. एकच घेऊन उपयोग नाही.

पहिला प्लग जोडणं

सुरुवात टेबल लॅम्पनं करा, गिझरनं नको. बहुतेक वायफाय प्लग २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. राउटर दोन्ही पट्टे एकाच नावानं देत असेल तर जोडताना ते वेगळे करा. प्लगचं बटण दाबून धरल्यावर तो स्वतःचं छोटं वायफाय उघडतो. मोबाईल त्याला जोडून घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड भरायचा. मग होम असिस्टंटमध्ये सेटिंग्ज, तिथून डिव्हाइसेस अँड सर्व्हिसेस. बऱ्याचदा प्लग तिथं स्वतःहून दिसतो. टास्मोटा असेल तर मधे एमक्यूटीटी, म्हणजे प्लग आणि संगणकात निरोप पोचवणारी पद्धत, लागतं. त्यासाठी अ‍ॅड-ऑनच्या (नव्या आवृत्तीत ‘अ‍ॅप्स’च्या) यादीतून मॉस्किटो ब्रोकर बसवा, आणि टास्मोटाच्या पानावर संगणकाचा आयपी, पोर्ट १८८३ आणि नाव-पासवर्ड द्या.

प्लगला नाव देताना ‘प्लग १’ असं नको. ‘मागच्या बाथरूमचा गिझर’ असं नाव द्या.

आता वहीतला तिसरा रकाना. टास्मोटाच्या कन्सोलमध्ये पॉवर-ऑन-स्टेट ही आज्ञा आहे. ० दिला तर वीज आल्यावर प्लग बंद राहतो, १ दिला तर चालू होतो आणि ३ दिला तर आधीच्या स्थितीत जातो. मुळात ३ असतो. झिगबी प्लगमध्ये हीच निवड ‘पॉवर-ऑन बिहेवियर’ नावानं दिसते. माझ्या घरी गिझर ०, मोटार ०, कूलर ०, डासांचं मशीन ३, फिश टँकचा पंप १. फ्रिजला प्लग फक्त मोजमापासाठी आहे, त्याला १ दिला आहे आणि मोबाईलवरून बंद करायचं बटण पडद्यावरून काढून टाकलं आहे.

गिझर: वेळ प्लगच्या आत ठेवा

१५ लिटर पाणी २० अंशांवरून ५५ पर्यंत तापवायला साधारण ०.६१ युनिट लागतं. २००० वॅटचा गिझर ते १८ मिनिटांत करतो. म्हणून पहाटे पावणेसहाला चालू आणि २० मिनिटांनी बंद, असं ऑटोमेशन, म्हणजे संगणकाला दिलेला नियम, पुरतं.

इथं बहुतेकजण एक चूक करतात, मीही केली होती. ‘चालू कर, २० मिनिटं थांब, बंद कर’ असं ऑटोमेशन लिहायचं. ही २० मिनिटं संगणक मोजत असतो. मधेच तो रीस्टार्ट झाला तर मोजणी विसरतो आणि ‘बंद’चा हुकूम कधी जातच नाही. उपाय असा, की बंद करायची वेळ प्लगच्या स्वतःच्या डोक्यात घालायची. टास्मोटात त्यासाठी पल्स-टाइम आहे. ११२ च्या पुढच्या आकड्यांत १०० वजा करून सेकंद निघतात. १३०० लिहिलं की १२०० सेकंद, म्हणजे २० मिनिटं. आता प्लग कुणीही चालू करू दे, संगणकानं, मोबाईलनं किंवा आजोबांनी बटण दाबून, २० मिनिटांनी तो स्वतः बंद होतो. संगणकाकडं फक्त ‘चालू’ करायचं काम उरतं.

पहिल्या दिवशी गिझर पूर्ण वेळ चालू द्या आणि बंद झाल्यावर लगेच प्लगला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, किंवा प्लास्टिकचा वास येत असेल, तर तो प्लग त्या जागी चालणार नाही. पुन्हा महिन्यानंतर बघा, कारण सॉकेटची पकड ढिली होत जाते.

पाण्याची मोटार

गावात नळाला पाणी ठरलेल्या वेळी येतं, हौद भरतो, आणि मग वरच्या टाकीत चढवायला मोटार. कुणीतरी मोटार लावून विसरतं आणि गच्चीवरून धबधबा सुरू होतो. म्हणून प्रत्येकाला आधी मोटारच स्मार्ट करायची असते. मीही अर्ध्या अश्वशक्तीची मोटार थेट १६ अँपिअरच्या प्लगवर लावली होती. पाच महिने सुरळीत गेले. एका रात्री शेजारच्या काकूंनी हाक मारली, “अरे, टाकी वाहतीय!” मी मोबाईल बघितला. पडद्यावर मोटार बंद होती. पण नावाखाली बारीक अक्षरांत ६१० वॅट दिसत होते.

रिलेचे संपर्क चिकटले होते. मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. त्या ठिणगीत रिलेच्या संपर्काचा पृष्ठभाग वितळून एकमेकांत बसतो. प्लगला वाटतं आपण तोडलं, प्रत्यक्षात तार जोडलेलीच असते. गिझर हा सरळ भार आहे, म्हणजे सुरू होताना जादा करंट ओढत नाही; मोटार तशी नाही. प्लगवर छापलेले १६ अँपिअर सरळ भाराचे असतात.

म्हणून मोटारीला कॉन्टॅक्टर लावा. उद्यमनगरातल्या कुठल्याही कारखान्याचं पॅनल उघडलं की ‘टक्’ आवाज करणारे ते काळे-पांढरे ठोकळे दिसतात, तेच. त्यावर दोन रेटिंग छापलेली असतात, मोटारीसाठी एसी-३ चं वाचायचं. मोठा करंट एमसीबी, ओव्हरलोड रिले आणि कॉन्टॅक्टरमधून मोटारीला जातो. स्मार्ट प्लग फक्त कॉन्टॅक्टरच्या ए१-ए२ कॉइलला वीज देतो, म्हणजे मोजके वॅट. कॉइलवर एक आरसी स्नबर (ठिणगी शमवणारा छोटा भाग) लावून घ्या, प्लगचा रिले जास्त टिकतो. ही सगळी जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. मी स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नका.

याच कॉइलच्या वाटेत वरच्या टाकीचा आणि हौदाचा फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारा स्विच, एकामागं एक जोडा. टाकी भरली किंवा हौद रिकामा झाला की कॉइल सुटते आणि मोटार थांबते. वायफाय नको, संगणक नको, इंटरनेट नको. पाण्यात २३० व्होल्टची तार सोडायची नसेल, आणि माझ्या मते सोडूच नये, तर फ्लोट २४ व्होल्टच्या छोट्या रिलेवर घ्या. सुरक्षितता तारेत असली पाहिजे. सॉफ्टवेअरनं फक्त सोय द्यावी.

सोय म्हणजे काय? मोटारीच्या तारेवर सीटी क्लॅम्पचा (तारेभोवती नुसता चिमट्यासारखा बसणारा) एनर्जी मीटर बसवून तो होम असिस्टंटला जोडला, की मोटार काय करतेय हे वॅटवरून कळतं. माझी मोटार पाणी ओढताना ६०० ते ६२० वॅट घेते. हौदात पाणी संपून हवा ओढायला लागली की आकडा ४०० च्या खाली येतो, कारण पंपातल्या पंख्याला ढकलायला पाणीच उरत नाही. मग ऑटोमेशन असं: वॅट ४५० च्या खाली सलग ३० सेकंद राहिले तर बंद कर आणि मोबाईलवर कळव. तुमच्या मोटारीचे आकडे वेगळे असतील. एकदा समोर उभं राहून दोन्ही स्थितींत मोजा आणि मधला आकडा धरा. दुसरं ऑटोमेशन त्या रात्रीनं शिकवलं: ‘बंद’चा हुकूम जाऊन १० सेकंद झाले आणि तरी वॅट शून्यावर आले नाहीत, तर मोठ्या आवाजात इशारा दे. प्लगच्या पल्स-टाइममध्ये १६०० टाका, म्हणजे २५ मिनिटांवर मोटार कधी जाणार नाही.

काय प्लगवर लावायचं नाही

इस्त्री, रूम हीटर, शेगडी. ज्यावर कपडा पडू शकतो आणि जे समोर कुणी नसताना चालू होऊ नये, ते काहीच नाही. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा कुठलंही वैद्यकीय यंत्र नाही. एक्स्टेंशन बोर्डवर स्मार्ट प्लग आणि त्यावर पुन्हा एक्स्टेंशन, हेही नाही. आणि पंचगंगेचं पाणी २०१९ किंवा २०२१ ला जिथपर्यंत चढलं होतं अशा घरात राहत असाल, तर संगणक, राउटर आणि कॉन्टॅक्टरचा डबा त्या रेषेच्या वर बसवा. पाणी गल्लीत शिरलं की कोरड्या जागेतून मेन पाडा. मोबाईलवरचं ‘ऑल ऑफ’ त्याच्या जागी चालत नाही.

बाहेरगावाहून घर बघायचं असेल तर राउटरमध्ये ८१२३ पोर्ट जगाला उघडू नका. वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखं व्हीपीएन, म्हणजे घरापर्यंतची खाजगी कुलूपबंद वाट, लावा. अर्ध्या तासाचं काम आहे.

लाईट पाडून बघा

सगळं जमलं असं वाटलं की रविवारी सकाळी घरच्यांना सांगून मेन पाडा. पाच मिनिटं थांबा आणि उचला. वही हातात घेऊन प्रत्येक उपकरणापाशी जा. जे लिहिलंय तसंच झालं का? मग राउटर बंद करून प्लगचं बटण हातानं दाबा, गिझर चालू होऊन वेळेवर बंद होतो का बघा. मग संगणकाची वायर काढा आणि मोटार भिंतीवरच्या बटणानं चालते का, वरच्या टाकीचा फ्लोट उचलल्यावर थांबते का, ते बघा. माझ्याकडं पहिल्या वेळी सातपैकी दोन प्लग नापास झाले. एकात पॉवर-ऑन-स्टेट घालायचाच राहिला होता. दुसरा राउटर परत आल्यावर जोडलाच गेला नाही. त्याचं सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर तो सुधारला. ही परीक्षा मी दरवर्षी एप्रिलमध्ये, वळवाच्या आधी घेतो.

शेवटचं काम कागदाचं. मेन बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवला आहे, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. कुठली एमसीबी कशाची, मोटारीचं हाताचं बटण कुठं, गिझर प्लगशिवाय थेट कसा लावायचा, आणि मामांचा फोन नंबर. मागच्या आषाढात मी चार दिवस बाहेर होतो आणि संगणक बंद पडला. फोनवर आई म्हणाली, “कागद बघून मोटार लावली, टाकी भरली, आपली आपण थांबली. तू ये निवांत.”